सुकेळ्यांचा वास

मोनाआत्या वसईहून टेक्सासला, अर्विंगमध्ये आमच्याकडे आली तेव्हा तिच्या बॅगेत कपडे कमी आणि खाणं जास्त होतं. सुके बोंबील तिने एकात एक अशा तीन पिशव्यांत गुंडाळले होते, तरी विमानतळापासून घरापर्यंत पप्पांच्या गाडीत त्यांचा दरवळ होता. मसाल्याच्या दोन बाटल्या होत्या, तांदळाचं पीठ होतं, आणि बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात सुकेळी होती. आमच्या वसईला राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात आणि केळीच्याच सुक्या पानांत आवळून बांधून ठेवतात, ती सुकेळी. पप्पांनी डबा उघडून एक तोंडात टाकलं आणि जेवणाच्या टेबलाशी उभ्या उभ्या डोळे मिटून घेतले. मी वाकून बघितलं. तपकिरी, चिकट, सुरकुतलेलं काहीतरी होतं. "हे रॉटन झालंय का?" मी विचारलं. सगळे हसले. आत्याने माझा कान धरून नाक डब्याजवळ नेलं. "सडलेलं वेगळं आणि सुकलेलं वेगळं. नाकाला विचार, ते खोटं नाही बोलत." मी वास घेतला. मधासारखा, जरासा धुरकट वास होता. पुढे त्या घरात काय झालं ते सांगायला बसलो की मला आधी हे वाक्य आठवतं. फरक मला शिकवलेला होता. मला कळला नाही असं मी म्हणू शकत नाही.

आत्या पप्पांपेक्षा बारा वर्षांनी मोठी. पप्पा तिला बाय म्हणत. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा आत्यानेच त्यांना वाढवलं, शाळेत घातलं, इंजिनिअर केलं आणि स्वतः लग्न केलं नाही. लहानपणी पोलिओ होऊन तिचा डावा पाय काडीसारखा राहिला होता. चालताना ती डाव्या मांडीवर हात दाबून तो पाय पुढे टाकायची आणि सगळं वजन उजव्यावर घ्यायची. तीस वर्षं तिने गावातल्या मुलांना धर्मशिक्षण दिलं, रोज चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला चालत गेली, विहिरीचं पाणी भरलं, ते सगळं एका उजव्या पायावर. आमच्याकडे ती सहा महिन्यांसाठी आली होती. तिला माझी खोली दिली आणि मी हॉलमधल्या सोफ्यावर झोपू लागलो. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो, सहाव्या वर्षी अमेरिकेत आलेला. मराठी बोलायचो, पण निम्मे शब्द इंग्रजी असायचे. वाचता मुळीच येत नव्हतं. आत्याने त्या उन्हाळ्यात मला बाराखडी शिकवली. आज, मी आता राहतो त्या रेडमंडच्या पावसात खिडकीशी बसून मी हे मराठीत लिहितो आहे, ती अक्षरं तिची आहेत. तिच्याच अक्षरांत तिच्याविषयी लिहावं लागतं आहे.

पप्पा एका बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये होते, साडेसातच्या आत घरी येत नसत. आई देशी ग्रोसरीच्या दुकानात काउंटरवर होती आणि ती आठला सुटायची. त्यामुळे संध्याकाळी अपार्टमेंटमध्ये मी आणि आत्या दोघंच. टेक्सासमधला ऑगस्ट म्हणजे बाहेर पार्किंगचं डांबर मऊ पडलेलं, झाडांत किडे करवतीसारखे किरकिरताहेत आणि दर दोन-तीन मिनिटांनी एखादं विमान चाकं काढून डोक्यावरून उतरतं आहे. आत एसीचा सततचा घरघराट. आत्या त्याला "तुमचा सांगाती" म्हणायची. तिला थंडी वाजायची, म्हणून ती घरातही मोजे घालून बसायची. पप्पांनी तिला इथे आल्या आल्या पांढरे स्नीकर्स घेऊन दिले होते. जन्मात पहिल्यांदा तिच्या पायांत बंद बूट आले. "पाय कुठे आहेत तेच कळत नाही ह्यात," ती हसत म्हणाली होती. तिला शुगर होती. गोळी घ्यायची, आणि वर सुकेळंही खायची. पाय कुठे आहेत ते तिला बुटांमुळे कळत नव्हतं असं आम्हाला वाटलं.

तिचा एक संत होता. पोलिओ झाला तेव्हा इस्पितळातल्या एका सिस्टरने तिच्या उशाशी एक चित्र ठेवलं होतं. पांढऱ्या दाढीचा म्हातारा, त्याच्या अंगाला बिलगलेली हरिणी, आणि म्हाताऱ्याला लागलेला बाण. पाठीमागे परक्या भाषेत चार ओळी. सिस्टरने एवढंच सांगितलं की हा संत जाइल्स, फार जुना मठाधिपती, लंगड्यांचा कैवारी. गावात ह्या संताचं नाव कुणाला माहीत नव्हतं. आत्याने पन्नास वर्षं त्या चित्रापुढे प्रार्थना केली, पण तो माणूस कोण, त्याला बाण का लागला, हरिणी कुठली, तिला ठाऊक नव्हतं. आणि इथे, एका रविवारी मिस्सा संपल्यावर, चर्चच्या मागच्या बाजूला फुकट पुस्तिकांच्या स्टँडवर तिला ती हरिणी दिसली. तिने पुस्तिका उचलून छातीशी धरली. "नेल्सन, हा माझा," ती म्हणाली. इंग्रजी अक्षरं तिला लावता येत, अर्थ लागत नसे. संताचं चरित्र आणि त्याचे सद्गुण, अशी ती साठेक पानांची पुस्तिका होती. नऊ प्रकरणं, प्रत्येकात एक गुण आणि त्याची गोष्ट. आत्याने बोटांवर प्रकरणं मोजली. "नऊ! नोव्हेनाच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेसाठीच छापलंय हे." तिच्या संताचा सण सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला होता. त्याआधीच्या नऊ संध्याकाळी रोज सात वाजता मी एक प्रकरण तिला मराठीत सांगायचं आणि मग दोघांनी माळेच्या मण्यांवर रोझरी म्हणायची, असं ठरलं. तिने तसा नवसच केला. मला कुणी विचारलं नाही.

मला सात वाजता पोहायला, स्विमिंग पूलवर जायचं असायचं. आमच्या कॉम्प्लेक्सचा पूल आठला बंद व्हायचा आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या लेबर डेनंतर वर्षभरासाठीच. शाळा नुकती सुरू झाली होती, दिवसभर मोकळं असं काही उरलं नव्हतं. नागपूरचा अनिकेत, आमच्याच बिल्डिंगमधला माझा मित्र, कुंपणाजवळून ओरडायचा, "अबे, तुझी आत्या नन आहे का यार? रोज काय प्रेयर असतं?" मी हसायचो आणि मनातल्या मनात आत्याचा राग यायचा.

पहिल्या दोन-तीन संध्याकाळी मात्र मी मन लावून वाचलं, हेही लिहायला हवं. जाइल्स अथेन्समधल्या बड्या घरातला. एका आजारी भिकाऱ्याला त्याने अंगातला कोट काढून दिला, भिकारी बरा झाला, आणि लोकांची रीघ लागली. तेव्हा तो सगळं सोडून जहाजात बसला आणि पळाला. आत्या खुशीत आली. "लोक पाया पडायला लागले की पळायचं. आमच्या फादरांना कळवायला पाहिजे." फ्रान्समधल्या एका जंगलात तो गुहेत राहिला, एक हरिणी रोज येऊन त्याला दूध देऊन जायची. माझे शब्द अडायचे, ती पुरवायची. मी "मोठा फादर" म्हटलं की ती म्हणायची, "मठाधिपती म्हण. मोठा फादर काय, बिशप आहे का तो?" प्रकरण संपलं की ती पुस्तिका माझ्या हातून घ्यायची, जिथे थांबलो तिथे समासात पेन्सिलीने बारीक खूण करायची आणि मिटायची. मी जरा थांबलो की म्हणायची, "पुढे वाच." मराठीत वाचणं आणि सांगणं ह्यांत तिच्या लेखी फरक नव्हता.

चौथ्या संध्याकाळी तिने मला आईच्या कपाटातून जुनं सुती कापड आणि स्वयंपाकघरातून हळद आणायला सांगितली. आणून दिली तेव्हा ती पलंगावर बसून उजव्या पायातला मोजा उतरवत होती. मोजा तळव्याला चिकटला होता. तो सुटला तेव्हा तिने हूं की चूं केलं नाही, आणि मला त्याचीच भीती वाटली. तळव्यावर, अंगठ्याच्या खाली, पाव डॉलरच्या नाण्याएवढी जखम होती. कडा पांढऱ्या, मध्ये ओलं. "दुखतं?" मी विचारलं. "अजिबात नाही रे. दुखत नाही म्हणजे बरीच होतेय." तिने हळद दाबली, कापड गुंडाळलं, वर स्वच्छ मोजा चढवला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पप्पांना आताच नको सांगूस. ते दवाखान्यात नेतील, ते लोक ठेवून घेतील, आणि माझी नोव्हेना मोडेल. नऊ दिवस होऊ देत, मी स्वतः सांगेन." मी हळदीच्या डबीचं झाकण लावलं. ती म्हणाली, "शपथ नको घेऊस. आपण शपथ घेत नाही. नुसतं हो म्हण." आणि थोड्या वेळाने, "रोझरी मी एकटी म्हणेन हवं तर. तू वाचून झालं की जा पाण्यात."

मी हो म्हणालो. ते तिच्यासाठी म्हणालो की रोझरीच्या वीस मिनिटांसाठी, हे मी गेली तीसहून अधिक वर्षं स्वतःला विचारतो आहे. उत्तर मला माहीत आहे. त्या संध्याकाळी सव्वासातला मी पूलमध्ये होतो.

सहाव्या प्रकरणात बाण आला. राजाचे शिकारी हरिणीच्या मागे लागले, ती पळत येऊन गुहेत शिरली, कुणीतरी झुडपांत नेम न धरता बाण सोडला. झुडपं तोडून आत गेले तर म्हातारा रक्तबंबाळ बसलेला आणि हरिणी त्याच्या मांडीशी. हरिणीचा बाण त्याने घेतला होता. आत्या थिजून ऐकत होती. तिच्या चित्रातल्या बाणाचा अर्थ तिला पन्नास वर्षांनी कळत होता. पुढे राजाने क्षमा मागितली आणि वैद्य पाठवले. जाइल्सने औषध नाकारलं. ही जखम अशीच राहू दे, दुबळेपणातच मला बळ मिळेल, अशी त्याने देवाकडे प्रार्थना केली. मी एवढं सांगितलं आणि मान वर केली. आत्या स्वतःच्या उजव्या पायाकडे बघत होती. तिचा चेहरा इतका शांत झालेला मी कधी पाहिला नव्हता. आणि मी, कुणी विचारलं नसताना, आणखी एक वाक्य बोललो. "आणि त्याने ती जखम पुन्हा कुणाला दाखवली नाही." हे पुस्तकात नव्हतं. मी ते का घातलं? तिला बरं वाटावं म्हणून, असं मी पुष्कळ वर्षं समजत आलो. खरं असं की माझ्या हो म्हणण्याला कुणा संताचा आधार मिळाला तर मला हवा होता. "पुढे वाच," ती हळूच म्हणाली. "संपलं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आईला सुट्टी होती. ती दुपारी आत्याची चादर बदलायला खोलीत गेली आणि तिथूनच ओरडली, "मोनाबाय, हा कसला वास?" मी शाळेतून नुकताच आलो होतो, दारात उभा होतो. वास मलाही येत होता. आदल्या दिवसापासून येत होता. गोड, जड, घशाशी चिकटणारा. आईने पलंगाखाली वाकून पत्र्याचा डबा ओढला, उघडला, नाक मुरडलं. "सुकेळी गेली ही. बघा, चिकट पाणी सुटलंय."

"उकाड्याने गेली असतील," आत्या म्हणाली.

"उकाडा कुठला? तुम्ही तर ह्या घरात स्वेटर घालून बसता!" आई हसत होती. "तिकडून एवढ्या लांब आणली आणि पलंगाखाली ठेवली, जशी काही आम्ही चोरून खाणार होतो."

आत्याही हसली. हसता हसता तिने माझ्याकडे बघितलं. ती नजर नुसती वाट बघत होती. विनवणी नव्हती की धमकी. आईने डबा माझ्या हातात दिला. "नेल्सन, जा, डंपस्टरमध्ये टाकून ये." मी डबा घेऊन पार्किंग ओलांडलं. डंपस्टरच्या मोठ्या लोखंडी कचरापेटीजवळ थांबून डब्याचं झाकण उघडलं आणि वास घेतला. मध आणि धूर. पहिल्या दिवशी होता तोच. चिकट पाणी म्हणजे त्यांचाच पाक होता, सुकेळी एकदम उत्तम होती. मी ती सगळी, सुक्या पानांत बांधलेली, डब्यासकट आत टाकली. डबा आदळल्याचा आवाज झाला. परत आलो तेव्हा आईने खोलीची खिडकी उघडली होती आणि ती म्हणत होती, "बघा, लगेच गेला वास."

तिथे, त्या मिनिटाला, मी एक वाक्य बोलायचं होतं. आई दोन हातांवर होती, पप्पा फोनवर मिळाले असते. पुढे एका डॉक्टरांना मी, दुसऱ्याच कुणाची गोष्ट असल्यासारखं भासवून, विचारलं होतं की दोन दिवसांनी काय फरक पडला असता. ते म्हणाले, कधी कधी दोन दिवसांतच सगळं असतं.

आठवं प्रकरण मी बाहेरच्या बाकावर आधी चाळून बघितलं, कारण लेबर डे जवळ आला होता आणि अनिकेतने खालच्या मुलांबरोबर पाण्यातला बॉलचा खेळ ठरवला होता. प्रकरण लांब होतं. राजाने मठ बांधून दिला, जाइल्स मनाविरुद्ध मठाधिपती झाला, तिथपर्यंत सोपं होतं. मग एक अख्खं पान मठाच्या नियमांविषयी होतं, गोष्ट नसलेलं, कठीण शब्दांचं. मी त्याच्या पहिल्या ओळी वाचल्या आणि मला समजल्या. ते मी इथे स्पष्ट लिहितो, कारण मला समजलं नव्हतं असं मी एका फादरना एकदा सांगितलेलं आहे. त्या पानावर म्हटलं होतं की त्या मठाने संत बेनेडिक्टचा नियम पाळला, आणि त्या नियमात आजाऱ्यांची काळजी सगळ्याच्या आधी आणि सगळ्याच्या वर ठेवली आहे. आजारी भावाची सेवा ही ख्रिस्ताचीच सेवा. आणि आजाऱ्यानेही ती सेवा देवासाठी होते आहे हे ओळखून घेऊ द्यावी.

संध्याकाळी सातला मी खुर्चीवर बसलो. वास होताच. खिडकी उघडी होती, तरी होता. आत्याच्या कपाळावर घाम होता आणि ती शालीत गुरफटून बसली होती. मी मठ बांधल्यापर्यंत सांगितलं आणि दोन पानं एकदम उलटली. शेवटचा परिच्छेद सांगून मिटलं.

"एवढंच?"

"एवढंच. छोटं चॅप्टर आहे."

ती काही वेळ पुस्तिकेकडे बघत राहिली. मग हात पुढे केला, पुस्तिका घेतली, पेन्सिल शोधली. "जा," ती म्हणाली. "केस नीट पूस नंतर. सर्दी होईल." मी पळालो. पाणी कोमट होतं, विमानं पोट दाखवत वरून जात होती, आणि मी नाकातोंडात क्लोरीन जाईपर्यंत बुडी मारून राहिलो, पुन्हा पुन्हा.

नवव्या दिवशी शाळेतून आलो तर घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत कुणी नव्हतं. एसी चालू. माझ्या खोलीत पलंगावरची चादर अर्धी जमिनीवर, आणि त्या चादरीवर जे होतं ते मी लिहीत नाही. पांढरे स्नीकर्स भिंतीशी जोडीने ठेवलेले. टेबलावर पुस्तिका आणि पेन्सिल. मी सोफ्यावर बसून राहिलो. नववं प्रकरण उरलं होतं, ते वाचलं. एका राजाने एक पाप केलं होतं, इतकं लाजिरवाणं की पापनिवेदनात त्याच्या तोंडून निघेना. जाइल्स मिस्सा करत असताना देवदूताने वेदीवर एक चिठ्ठी आणून ठेवली, त्यात ते पाप लिहिलेलं होतं. मी दाराकडे बघत बसलो. कुणी येईल आणि माझंही त्याला ठाऊक असेल, अशी माझी खात्री झाली होती.

पप्पा आले. शर्टाला डाग होते. बायला इस्पितळात ठेवलंय, पाय गुडघ्याखाली काढावा लागणार, ते म्हणाले. कुठला ते मी विचारलं नाही. ते माझ्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "नेल्सन, तू रोज तिच्याजवळ बसायचास. तुला काही दिसलं नाही?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. त्यांनी माझ्यावर लगेच विश्वास ठेवला. आई दारातच उभी होती. ती म्हणाली, "त्याला काय विचारता? तो पोर आहे. वास मला आला होता. मी नाकाने घेतला तो वास आणि सुकेळी म्हटलं." आणि ती स्वतःच्या तोंडावर ओढणी दाबून रडायला लागली. मी तिच्याकडे बघत होतो. एका शब्दाने तिला मोकळं करता आलं असतं. तो शब्द मी त्या दिवशी बोललो नाही, दुसऱ्या दिवशी बोललो नाही, आणि मग न बोलण्याची सवय झाली.

आत्या तीन महिन्यांनी व्हीलचेअरवरून वसईला परत गेली. उरलेल्या पायावर तिला उभं राहता येत नव्हतं. विमानतळावर तिने माझं डोकं खाली ओढून कपाळावर क्रूस काढला आणि म्हणाली, "आपल्या पुस्तकाचं थोडं राहिलं रे." पुस्तिका तिने पर्समध्ये ठेवलेली होती. मी काहीतरी हं म्हटलं. नंतर सहा वर्षं तिची पत्रं आली. शाळा कशी, मिस्साला जातोस का, मराठी विसरू नकोस. सहाव्या वर्षी ती गेली. आई घरात कुणीही आजारी पडलं की त्यानंतर नेहमी त्याच्या अंथरुणाशी वाकून वास घ्यायची, आणि मग आमच्याकडे बघायची नाही. तीही दोन वर्षांपूर्वी गेली. हे सगळं मी फादरांना पापनिवेदनात तीनदा सांगितलं आहे. तिन्ही वेळा क्षमा मिळाली, आणि तिन्ही वेळा दारातून बाहेर पडताना वाटलं की आपण भलत्याच माणसाला सांगून आलो.

मलाही आता शुगर आहे. दर सहा महिन्यांनी माझी डॉक्टर मला डोळे मिटायला सांगते आणि नायलॉनचा एक बारीक धागा तळव्याला टोचते. लागला की हो म्हणायचं. मी फार लवकर हो म्हणतो, कधी कधी टोचायच्या आधीच. ती हसते.

मागच्या हिवाळ्यात पप्पा वसईला जाऊन आत्याची बंद खोली रिकामी करून आले. मी रेडमंडहून त्यांना भेटायला अर्विंगला गेलो तेव्हा टेबलावर तिच्या वस्तूंची पिशवी होती. रोझरी, चष्मा, ते हरिणीचं चित्र, आणि पुस्तिका. "तू घे," पप्पा म्हणाले. मी उघडली. सात प्रकरणांना समासात सात खुणा. आठव्यात मठ बांधून झाला तिथे एक खूण, आणि शेवटच्या परिच्छेदाशी दुसरी. त्या दोन्हींच्या मध्ये, मी उलटलेल्या पानाच्या डोक्यावर, तिच्या वळणदार अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं: हे राहिलं. नेल्सनला विचारणे. ते तिने त्याच संध्याकाळी लिहिलं असणार, मी पूलकडे पळत असताना. आणि त्याखाली, चारी बाजूंच्या समासात, निळ्या शाईत, तिच्याच हाताने, गिचमिड पण सुवाच्य, सगळं पान मराठीत उतरवलेलं होतं. कुणाकडून तरी समजून घेऊन, ओळीमागे ओळ. आजाऱ्यांची काळजी सगळ्याच्या आधी. एक वाक्य गाळलेलं नव्हतं, एक घातलेलं नव्हतं. पान उलटून मी सहावं प्रकरण काढलं. तिथेही निळी शाई होती. बाणाचं, वैद्यांचं, प्रार्थनेचं. माझं वाक्य तिथे नव्हतं. म्हणजे शेवटची किती वर्षं कोण जाणे, तिला सगळं माहीत होतं, आणि ती मला शाळा कशी म्हणून विचारत होती. तिने माझी गोष्ट कुणाला सांगितली नाही. मी तिची सांगितली नव्हती, तशीच.

पप्पा समोर बसून चहा ओतत होते. मी म्हणालो, "पप्पा, तुम्हाला एक वाचून दाखवायचंय." आणि वाचायच्या आधी सगळं सांगितलं. हळद, कापड, हो म्हणणं, घातलेलं वाक्य, डंपस्टरपाशी घेतलेला वास, उलटलेलं पान. कुठेही न थांबता सांगितलं, कारण थांबलो असतो तर संपलं असतं. पप्पांनी किटली खाली ठेवली. आता ते ऐंशीच्या जवळ आहेत.

"म्हणजे सुकेळी चांगली होती," ते म्हणाले.

"हो."

"तुझ्या आईने त्यानंतर सुकेळं तोंडात घातलं नाही. वसईला गेलो तरी. कुणी पुढे केलं की उठून जायची." ते खिडकीकडे बघत बोलत होते. "मी तिला म्हणायचो, तुझी चूक नाही. ती म्हणायची, मग कुणाची?"

वरून एक विमान उतरलं, कपातल्या चहावर बारीक वलयं उठली आणि विरली. पप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी हात लांब करून ती पुस्तिका फिरवून माझ्या बाजूला सरळ केली आणि निळ्या शाईच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"वाच," ते म्हणाले. "मोठ्याने वाच. तिचा फोटो आहे तिकडे तोंड करून."

आईचा फोटो फ्रीजवर होता. मी खुर्ची वळवली.